फौजदार काही केल्या झोपेना

गादीच्या दुकानात झोपून पाहायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो, नोकराला नसतो. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, कारण तो लिहायची वेळ येईल असं मालकीणबाईंना कधी वाटलंच नव्हतं. ती वेळ गादीवाल्यानं आणली.

गादीवाला म्हणजे त्या दुकानातला सगळ्यात जुना विक्रेता. एका जोडप्याला तो दोघांची मोठी गादी दाखवत होता. एकानं कूस बदलली तरी दुसऱ्याला हादरा बसत नाही, ही त्या गादीची खुबी. ती पटवण्यासाठी नवऱ्याला एका कडेला निजवायचं, आपण दुसऱ्या कडेला निजायचं आणि मोठ्या रुबाबात कूस बदलून दाखवायची, असा त्याचा शिरस्ता होता. त्या दिवशी त्यानं कूस बदलली, ती परत बदललीच नाही. गिऱ्हाईक बिचारं सभ्य. हाही प्रात्यक्षिकाचाच भाग असेल असं समजून ते छताकडं बघत पडून राहिलं. पुढं घोरणं सुरू झालं, तेव्हा त्याच्या बायकोनं मालकीणबाईंना हाक मारली.

"काय चाललंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"गादी दाखवत होतो," गादीवाला धडपडत उठला.

"डोळे मिटून?"

"पूर्ण अनुभव देत होतो."

जोडपं गादी न घेताच निघून गेलं. मालकीणबाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावून त्या बोलतात तेव्हा हळू बोलतात, आणि त्या हळू बोलायला लागल्या की दुकानातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळतं.

"घरी झोप मिळत नाही का तुम्हाला?"

खरं म्हणजे इथं खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण ज्या दुकानाच्या पाटीवर 'पाठ टेका, झोप आमच्याकडे' असं लिहिलंय, तिथल्या माणसानं घरी झोप मिळत नाही म्हणून कसं सांगायचं? गादीवाल्याची जीभ वर्षानुवर्षं गाद्या विकून सैल झालेली. ती आपोआप सुटली.

"मिळते की! आपलीच तर गादी आहे घरी. आणि आमची पोर तर आपल्या त्या नव्या बालगादीवर पाठ टेकली की गपगार. वरून ढोल वाजवा, उठायची नाही."

"कोणती? ढगुली? ती तर अजून विकायला आली नाही."

"नमुना आला होता ना... तो नेऊन बघितला."

मालकीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! मग असं करू. ढगुली बाजारात आणायची आहेच. ज्या रविवारी आणू त्या दिवशी भर दुपारी तुमच्या मुलीला आपल्या दर्शनी काचेत झोपवू. बाहेर चौकात लोक उभे, आत पोर गाढ झोपलेली. आणखी जाहिरात ती काय हवी?"

"आणि समजा, नाहीच झोपली तर?"

"तर तुम्ही आत्ता थाप मारलीत असा अर्थ होईल," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मघाशी गादीवर तुम्ही झोपलाच होतात, असाही होईल. मग दुसरी नोकरी बघा."

गादीवाला बाहेर आला आणि भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या थप्पीला डोकं लावून उभा राहिला. डोकं लावताच त्याला पुन्हा डुलकी लागली.

घरचा मामला असा होता. मुलगी तीन वर्षांची. तिला घरात सगळे फौजदार म्हणत, कारण चालायला लागल्यापासून तिनं घराचा बंदोबस्त आपल्याकडं घेतला होता. कपाटाचं दार उघडं दिसलं की ती लावणार, नळ टपकला की ओरडणार, कुणाच्या चपला वाकड्या पडल्या की सरळ करायला लावणार. दिवसभर तिचा काही त्रास नसे. दिवे मालवायची वेळ झाली, की खरी ड्यूटी सुरू व्हायची.

तिला मधे घेऊन आईबाप दोन्ही कडांना पडत आणि टक लावून तिच्याकडं बघत, कधी एकदा पापणी मिटते म्हणून. तीही टक लावून त्यांच्याकडं बघे.

"आई झोपली?"

"हो."

"मग बोलते कशी?"

आईनं घोरायचं सोंग केलं.

"बाबा झोपला?"

"झोपलो बाळा, केव्हाच."

"खालचे काका झोपले?"

"झोपले. सगळं जग झोपलं. तूच तेवढी राहिलीस."

नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे काका खोकत. फौजदार उठून बसत. "काका जागे आहेत," असं म्हणून पलंगावरून उतरत, खिडकीपर्यंत जात, परत येत आणि सगळ्यांचे डोळे तपासत. हे असं चालायचं. "झोप गं राणी, मला सकाळी दुकान आहे," हे वाक्य गादीवाला आधी लाडानं म्हणे, मग रडकुंडीला येऊन म्हणे आणि शेवटी भिंतीला म्हणे.

बायको वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करी. दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून तिचा सगळा राग तुंबलेला असे. तो ती घरी आणायची, पण तिथल्याच भाषेत. काचेतल्या झोपेची हकीकत नवऱ्यानं सांगितली, तेव्हा तिनं ती शांतपणे ऐकून घेतली.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," ती म्हणाली. "आता मला सांगा, थाप मारायची होती तर लहान मारता येत नव्हती का?"

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मुलगी ठणठणीत आहे, तुम्ही दोघं मात्र जरा तपासून घ्या. तेव्हा आता दुसरे उपाय शोधायला हवे होते, आणि उपायांना तर दुकानात तोटाच नव्हता. गादी निवडायला आलेलं माणूस आडवं झालं की मोकळं बोलतं. त्यातून झोपेचा विषय निघाला की थांबतच नाही. गादीवाल्यानं नुसतं "आमच्या लहानगीला झोप येत नाही हो" म्हणायचा अवकाश, समोरचं गिऱ्हाईक टुणकन उठून बसे आणि सांगायला लागे.

पहिल्या भेटल्या त्या वासवाल्या बाई. झोप नाकावाटे येते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी दिलेल्या जांभळ्या फुलांच्या अर्काचे थेंब उशीवर टाकायचे होते. थेंब टाकताना गादीवाल्याचा हात डुलकीत हलला आणि निम्मी बाटली उशीत गेली. त्या वासानं फौजदारांना खूप तरतरी आली. बायको मात्र शिंकायला लागली, ती दुसऱ्या दिवशी कामावरही शिंकतच राहिली. एका गिऱ्हाइकाला तिनं "आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही" एवढं म्हणून कानात अशी शिंक दिली, की त्यानं त्या शिंकेचीच वेगळी तक्रार केली. उशी गॅलरीत गेली. तिथून तो वास खाली उतरला, आणि जेमतेम डोळा लागत आलेले खालचे काका डोकं धरून वर आले. "काय सांडलंय तुमच्याकडं?" ते म्हणाले. त्यांना खरं सांगितलं, तर ते आत येऊन बसले आणि आपल्या झोपेची कहाणी सांगायला लागले. फौजदारांनी ती हनुवटीखाली हात धरून शेवटपर्यंत ऐकली.

मग तळपायवाले आले. हे ताठ कण्याचे, अंगानं किडकिडीत गृहस्थ. दुकानातली सगळ्यात कडक गादी मागणारे. माणसाच्या झोपेची कळ तळपायात असते, आणि ती दाबता आली पाहिजे, असं ते म्हणत. ते स्वतः घरी आले, फौजदारांचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं कळ दाबली. फौजदार खिदळायला लागल्या. त्यांनी आणखी दाबली. त्या इतक्या खिदळल्या की उचकी लागली, आणि उचकी थांबवायला पाणी पाजावं लागलं, आणि पाणी पाजल्यावर पुढचं सगळं आलंच. चादर बदलून होईपर्यंत तळपायवाले खुर्चीत ताठ बसून होते.

"कळ जरा वेगळ्या जागी असेल हिची," ते म्हणाले. "रोज शोधत राहा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी फौजदार स्वतःहून पाय पुढं करून "बाबा, कळ शोध" म्हणायला लागल्या. एरवी पायमोजे काढायला लावले तरी रडणारी पोर! गादीवाल्याला हे सुधारणेचं लक्षण वाटलं. पुढं तिनं बाबाचे पायमोजे काढले आणि त्याचीही कळ शोधायला घेतली, तेही त्याला लक्षणच वाटलं.

त्यानंतरच्या रंगवाल्यांचं म्हणणं असं, की घरातला पिवळा उजेड मेंदूला जागं ठेवतो, म्हणून सगळे दिवे निळे करा. गादीवाल्यानं घरातल्या प्रत्येक दिव्याला निळा कागद गुंडाळला. निळ्या उजेडात बायकोनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. गादीवाला एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून दुकानात गेला. मालकीणबाईंनी बुटांकडं पाहिलं, त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडं पाहिलं आणि विचारलं, "ढगुलीची झोप कशी आहे?"

"उत्तम!" गादीवाला म्हणाला.

"दिसतंय."

सगळ्यात शेवटी वाडगेवाल्या ताई आल्या, आणि त्यांच्यापायी घरात खरा स्फोट झाला. ताईंकडं धातूचे वाडगे होते. लाकडी दांडक्यानं त्यांच्या काठावर हलकेच टोला दिला की लांबवर घुमणारा नाद निघे. त्या नादाबरोबर श्वास मोजायचा, एक म्हणताना आत, दोन म्हणताना बाहेर. ताईंनी खोलीच्या मध्यावर आसन मांडलं, डोळे मिटले आणि पहिला टोला दिला. फौजदारांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो बघून गादीवाल्याचा ऊर भरून आला. दुसऱ्या टोल्याच्या आत दांडकं फौजदारांच्या हातात होतं. पाठोपाठ आकडेही आले. मुलीला दहापर्यंत मोजता येत होतं, ताईंच्या कृपेनं ती विसाच्या पुढं सरकली आणि प्रत्येक आकड्याला एक टोला हाणायला लागली. खालून काकांनी छताला काठी ठोकली. फौजदारांनी तो टोलाही मोजला.

"मुलीला नादाची ओढ आहे," ताई निघताना म्हणाल्या. "एक वाडगा ठेवून जाते. निराश होऊ नका हं. माझंच बघा ना, कितीक वर्षं झाली, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही माझा. पण मी सोडलंय का?"

दार लागलं. बायको दाराकडं बघत उभी राहिली. मग ती अगदी कामावरच्या गोड आवाजात म्हणाली, "एक माहिती हवी होती. ह्या सगळ्या थोर मंडळींची आणि तुमची ओळख कुठं झाली?"

"दुकानात."

"दुकानात ती कशाला येतात?"

"गादी घ्यायला. आणखी कशाला येणार?"

"घरी गादी नसते त्यांच्या?"

"असते की. पण जुन्या गादीवर झोप येत..." गादीवाला बोलता बोलता थांबला.

"बोला ना. थांबलात का?"

बायकोचा गोड आवाज तिथं संपला. "म्हणजे सबंध गावात ज्यांना ज्यांना झोप येत नाही, अशी माणसं वेचून वेचून काढलीत तुम्ही, आणि त्यांना झोपेचे उपाय विचारलेत! ज्यांना पटकन झोप लागते ती माणसं गादीच्या दुकानात येतील कशाला?"

"पण त्यांचा अभ्यास दांडगा आहे गं!"

"असणारच! रात्ररात्र जागून केलाय!"

फौजदार वाडगा मांडीवर घेऊन दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. "शू," त्या म्हणाल्या. "काका झोपतायत."

गादीवाल्यानं कपाळाला हात लावला. बायको म्हणत होती ते सोळा आणे खरं होतं, आणि एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात येऊ नये याची त्याला मनापासून लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंसमोर सगळं कबूल करायचं, असं ठरवून तो दुकानात गेला. बघतो तर मालकीणबाई शिडीवर चढून काचेच्या वर फलक लावत होत्या. फलकावर चंद्र होता, ढग होता आणि 'या रविवारी प्रत्यक्ष पाहा' असं लिहिलं होतं. खाली त्यांनी फौजदारांसाठी स्वतःच्या हातानं शिवलेली गोंड्याची टोपी ठेवली होती.

"तुमच्यामुळं ही कल्पना सुचली हं," त्या शिडीवरून म्हणाल्या. त्या हसल्या, हे सगळ्यात वाईट. गादीवाल्यानं शिडी धरली आणि तोंड मिटलं.

रविवार उजाडला. गादीवाल्यानं एका पिशवीत अर्काची बाटली, वाडगा, दांडकं आणि निळ्या कागदाचं भेंडोळं भरलं. बायकोनं पिशवीकडं पाहिलं.

"अजून?"

"बुडत्याला काडीचा आधार," तो म्हणाला.

दुकानाची दर्शनी काच चौकाकडं तोंड करून होती. आत डाव्या बाजूला छोटीशी ढगुली मांडली होती, आणि उजव्या बाजूला शोभेसाठी म्हणून तीच ती दोघांची मोठी गादी. काचेतून ऊन आत येत होतं आणि आतली हवा उबदार झाली होती. बाहेर बऱ्यापैकी गर्दी जमली होती. तीत वासवाल्या बाई होत्या, ताठ कण्याचे तळपायवाले होते, रंगवाले होते, वाडगेवाल्या ताई होत्या. आपापला गुण आलेला बघायला सगळे हजर. एवढंच कशाला, खालचे काकाही आले होते.

मालकीणबाईंनी दारात उभं राहून चार शब्द सांगितले आणि पडदा सरकवला. फौजदार गोंड्याची टोपी घालून ढगुलीवर उभ्या होत्या. त्यांनी गर्दीकडं पाहिलं, काचेला नाक लावलं आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला हात केला. मग ढगुली चांगली उसळते हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या उड्या मारायला लागल्या. गर्दीत हशा पिकला.

मालकीणबाई गादीवाल्याजवळ आल्या आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, "पाठ टेकली की गपगार, असं म्हणाला होतात."

"नवी जागा आहे ना, जरा बुजलीय," गादीवाला म्हणाला. बुजलेली मुलगी काचेला जीभ लावून दाखवत होती. "मी आत जातो. मिनिटभरात झोपवतो."

पिशवी घेऊन तो काचेत शिरला. बायकोला त्यानं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. फौजदारांना ढगुलीवर आडवं केलं आणि स्वतः शेजारच्या मोठ्या गादीवर, मुलीकडं तोंड करून, एका कुशीवर कलला. इतक्या लोकांदेखत गादीवर आडवं व्हायचं म्हणजे कसंतरीच वाटत होतं. नोकरी आजच्या दिवसाची सोबतीण, उद्या आपण या काचेच्या बाहेर, असं त्याच्या मनात येत होतं. त्यानं हलकेच वाडग्यावर टोला दिला.

"मला दे," फौजदार म्हणाल्या.

"नाही हं. तू झोपायचं. डोळे मिट."

"तू मिट."

"मी मिटले बघ," असं म्हणून त्यानं खरंच मिटले, तिला दाखवण्यापुरते. वाडग्याचा नाद घुमला. तो तिनं काढला होता. उशीवर ओलं काहीतरी पडलं आणि जांभळ्या फुलांचा वास आला. थेंबच होते, मोजके. तिचा हात काही डुलकीत हलला नव्हता. पायातले मोजे कुणीतरी ओढून काढले. इवलासा अंगठा तळपायावर फिरत फिरत एका जागी थांबला आणि दाबायला लागला. उठायला हवं, गादीवाल्याला वाटलं. लोक बघतायत. मालकीणबाई बघतायत. कूस तेवढी बदलतो आणि उठतो.

त्यानं कूस बदलली, ती परत बदललीच नाही.

जाग आली तेव्हा काचेतलं ऊन सरकून पार पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. क्षणभर तो कुठं आहे हेच त्याला कळेना. मग सगळं एकदम आठवलं. संपलं सगळं. पुन्हा झोपलो. त्याच गादीवर, भर चौकात, अख्ख्या गावासमोर. तो उठणार एवढ्यात कोपऱ्यातून मालकीणबाईंचा हळू आवाज आला.

"हलू नका. अजून लोक बघतायत."

त्यानं डोळ्याच्या फटीतून बघितलं. बाहेर गर्दी तशीच होती, पण गप्प होती. त्याच्या पोटाला काहीतरी उबदार चिकटलं होतं. फौजदार! टोपी कलंडलेली, तोंड किंचित उघडं, एक हात बाबाच्या गालावर, आणि झोप अशी, की वरून ढोल वाजवला तरी उठणार नाहीत. गादीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत तिचा झोपलेला चेहरा निवांत बघायला मिळाला तो हा असा.

"कशी झोपली?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"आधी तुम्हाला झोपवलं," स्टुलावरून बायको कुजबुजली. "मग डोळे उघडून तपासले तुमचे. मग मला म्हणाली, आई, डोळे. मी मिटले. मग काचेजवळ जाऊन लोकांना शू केलं, आणि लोक झाले की हो गप्प! मग मालकीणबाईंना खुर्चीवर बसवलं."

"मी नुसते मिटले होते," मालकीणबाई घाईनं म्हणाल्या.

"घोरत होतात," बायको म्हणाली. "सगळीकडं बघून घेतलं तिनं, आणि मग कुठं तुमच्याजवळ येऊन आडवी झाली. अहो, घरचं सगळं माणूस झोपल्याशिवाय कर्त्या बाईला झोप लागते का कधी? आणि आपण दोघं रोज डोळे फाडून तिच्याकडं बघत बसतो!"

गादीवाला पडल्या पडल्या थिजला. आई झोपली? बाबा झोपला? काका झोपले? रोज रात्री पोर अगदी सरळ प्रश्न विचारत होती, आणि रोज तिला खोटं उत्तर मिळत होतं.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "माझी नोकरी?"

"तुमची नोकरी बदलली," मालकीणबाई म्हणाल्या. "ढगुली एक विकली गेली. तुम्ही आडवे आहात तसल्या गाद्या मात्र गोदामातल्या सगळ्या संपल्या. लहान पोर काय, कुठंही झोपतं असं लोकांना वाटतं. पण घरसंसाराचा, काळजीनं वाळलेला माणूस भर दुपारी चारचौघांत असा घोरतो, हे बघून लोकांचा धीरच सुटला हो. ते ताठ गृहस्थ तर रांगेत पहिले होते. आता दर रविवारी दुपारी तुम्ही काचेत झोपायचं. घोरण्यात बदल करू नका."

त्या रात्री जेवणं आटोपल्या आटोपल्या आईबापांनी निळे कागद काढून टाकले, दिवे मालवले आणि निमूटपणे आडवे झाले. या वेळी कुणी कुणाकडं टक लावून बघत नव्हतं. वाडगा, बाटली सगळं फौजदारांच्या ताब्यात दिलं होतं.

"पण मला अजून थोडं वाचायचं होतं गं," आई अंधारात म्हणाली.

"तक्रार नोंदवली आहे," फौजदार म्हणाल्या आणि तिच्या पायाची कळ दाबली. आई दिवसभराची दमलेली. दोन वेळा वाडगा घुमला आणि तिचा श्वास लांब झाला. खालचे काकाही आज मोठी गादी घेऊन आले होते. त्यांचं खोकणं बंद होतं. फौजदारांनी खिडकीपर्यंत जाऊन खात्री करून घेतली. सगळं कसं रीतसर चाललं होतं.

राहिला होता गादीवाला. त्यानं डोळे घट्ट मिटले होते. पण सबंध दुपार काचेत गाढ झोपून काढल्यावर आता झोप यायची कुठून? त्यानं श्वास मोजले. उशीचा वास घेतला. या कुशीचा त्या कुशीवर झाला. मुलगी एका हातानं त्याला थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं आपले मिटायला आलेले डोळे चोळत होती. मधूनच ती वाकायची आणि त्याची पापणी वर करून बघायची. तिथं बुबुळ लख्ख जागं.

शेवटी फौजदार थकून उठून बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"झोप रे राजा," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मला सकाळी दुकान आहे."